कौल लावणे आहे

माधवराव मास्तरांना साधा खिळा ठोकता येत नाही, ही गोष्ट तुंगार्लीत त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती.

मे महिन्याच्या सुटीत मुंबईचे व्याही-विहीण दोन दिवस राहायला येणार होते, सोबत मास्तरांची लेक नीरजाही. लग्नाला दीड वर्ष झालं, पण पोर माहेरी म्हणून चार दिवस राहिली नव्हती. विहीणबाईंचं म्हणणं एकच, ‘तुमच्या घराला ओल फार. सुनेला बाधेल.’ या खेपेला घर असं लख्ख करायचं की त्यांनी आपण होऊन म्हणावं, राहू दे महिनाभर, असं मास्तरांनी मनाशी घेतलं.

शाळा बंद, त्यामुळे सगळा उत्साह घरावर निघाला. दार घासत होतं म्हणून त्यांनी ते कडेनं तासलं. आता कडीच पोचेना. भिंतीचे पोपडे झाकायला तसबीर लावावी म्हणून खुंटी ठोकली, तर वीतभर गिलावा अंगावर आला. मग ते भगदाड झाकायला तसबीर इतकी खाली टांगावी लागली, की रामाचं दर्शन घ्यायला पाटावर बसावं लागे.

“अहो, पुरे आता,” अंबूबाई म्हणाल्या. “माझा संसार थोडा तरी शिल्लक ठेवा.”

माजघरावरचं एक कौल वानरांनी फोडलं होतं. मास्तर ते बदलायला स्वतः चढले आणि आणखी चार फोडून उतरले. वानरांना निदान तोल सांभाळायला शेपूट तरी होतं.

शेवटी त्यांनी आंदर मावळातल्या भिमाजीला कार्ड टाकलं. दर वर्षी घर शाकारायला तोच येई. मास्तरांना आपल्या शुद्ध लेखनाचा भारी अभिमान; कार्डही तसंच लिहिलं: ‘शनिवारी व्याही येणार. तत्पूर्वी कौल लावणे आहे. अगत्य यावे.’

शनिवारी सकाळी भिमाजी आला. हातात ना दोर, ना कोयता. नारळ आणि अंगाऱ्याची पुडी तेवढी होती. नेमका त्याच वेळी दारात पाहुण्यांचा टांगा थांबला.

“मास्तर, भैरोबाला कौल लावला बरं का!” भिमाजी सगळ्यांदेखत म्हणाला. “कार्ड वाचून घेतलं. म्हनलं, याही येत्यात म्हंजी पोरीच्या ऱ्हान्याचंच इचारायचं असंल. देवाला दोन कळ्या लावल्या, उजवी पडली. देव म्हनतोय, ऱ्हाऊ द्या पोरीला.”

मास्तरांच्या जिभेवर सबंध व्याकरण आलं. ‘कौल लावायचं आहे’ असं घरगुती लिहिलं असतं, तर छपराचं कौल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ‘लावणे आहे’च्या ऐटीत छपराचं कौल देवाचा कौल होऊन बसलं होतं. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना नीरजा दिसली. ती श्वास रोखून सासूकडे पाहत होती. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा व्याकरण गिळलं.

विहीणबाईंनी अंगारा कपाळाला लावला. माजघरात जाऊन वर पाहिलं. पाच भोकांतून ऊन थेट जमिनीवर उतरलं होतं.

“देवानंच कौल दिला म्हटल्यावर मोडणारी मी कोण?” त्या म्हणाल्या. “राहू दे महिनाभर. आणि एवढं ऊन येतंय, ओल कसली राहतेय इथे!”

दुपारी पाहुणे आडवे झाले तसा भिमाजी शेजारची शिडी घेऊन आला. परसातली जुनी कौलं घेऊन तो वर चढला. मास्तरांना त्यानं शिडी धरायला लावलं. दुसरं काही त्यांच्या हाती द्यायला तो तयार नव्हता.

“भिमाजी,” मास्तर हळूच म्हणाले, “उजवीच पडली ना? खरं सांग.”

“पडली की. पयल्या खेपंला डावी पडली. दुसऱ्या खेपंलाबी डावीच. मंग देवाला म्हनलं, ह्या पोरीला म्या खांद्यावर बसवून तळं दावलंय. तिच्या बापाला काय बी येत न्हाई, पर पोरीवर जीव लय हाय. परत येकदा बग.”

मास्तरांचे डोळे भरून आले. पण ते पुसायला त्यांनी शिडीवरचा हात काढला नाही. तेवढं एक काम तरी त्यांना धड करायचं होतं.