अळणी तेज

आत्याबाईंनी पापण्यांचं ऑपरेशन गुपचूप उरकलं आणि घरी ठोकून दिलं, "डोळे आलेत." सूज उतरेपर्यंत डॉक्टरांनी मीठ आणि चहा बंद केला होता, म्हणून "बीपीही वाढलंय" अशी दुसरी थाप मारली. काळा चष्मा लावून त्यांनी दोन आठवडे अळणी दुधी कसाबसा घशाखाली उतरवला.

चष्मा निघाला तशी भावजय बघतच राहिली. "अगं बाई! वन्सं, दहा वर्षांनी लहान दिसताय! सगळी अळणी जेवणाची करामत!"

आत्याबाई चक्क लाजल्या.

भावजयीने त्याच पावली घरातलं मीठ आणि चहाची पूड शेजारणीला देऊन टाकली. "आता जन्मभर हेच जेवायचं, सगळ्यांनी!"

खरं सांगायची सोय नव्हती. आत्याबाईंचे नवे कोरे डोळे पांढरे झाले.