आठवी उडी

"मॅट काहून टाकली, मॅडम?"

खुशी ट्रॅम्पोलिनवरच्या जाड निळ्या मॅटवर गुडघे टेकून बसली होती आणि तिथूनच विचारत होती. हॉलमधल्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. पंचांच्या टेबलावरून माईकवर सांगण्यात आलं, की या खेळाडूच्या सात उड्या धरल्या जातील. नियमच तसा आहे. सेट दहा उड्यांचा. उड्या घेणारा तोल चुकून खाली येतोय असं वाटलं, तर बाजूला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने मॅट जाळीवर सरकवायची. पडणाऱ्याला लागत नाही आणि त्याचा सेट तिथेच संपतो.

"उतर खाली," तिची प्रशिक्षक शीला राठोड म्हणाली. "लागलं काय कुठी?"

"लागाचं काय? मी बरोबर येऊन राह्यली होती!"

राज्याच्या संघात एकच जागा होती आणि सातव्या उडीपर्यंत ती खुशीची होती, हे हॉलमधल्या पोराटोरांनाही कळत होतं. निवड चाचणी पहिल्यांदाच यवतमाळात होती, शीलाच्याच हॉलमध्ये. कळंबहून खुशीचे वडील नागोराव गाडी भरून नातेवाईक घेऊन आले होते. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या प्रसादाचा डबा त्यांच्या मांडीवर होता. तो तसाच पिशवीत परत गेला. एका पंचाने जाता जाता शीलाला म्हटलं, "मॅडम, योग्य निर्णय. धोका कशाला घ्यायचा?" शीलाने मान हलवली. तिची मान डावीकडे पूर्ण वळत नाही, त्यामुळे तिचा होकारही जरा तिरकाच असतो.

ती मान हीच तिची सगळी कहाणी. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची ही पोर. शाळेच्या मैदानात उंच उडते म्हणून सरकारी क्रीडा वसतिगृहात उचलून नेली, तेव्हा तिची याडी, म्हणजे आई, सुखीबाई दोन दिवस जेवली नव्हती. पुढे पोरगी राष्ट्रीय विजेती झाली, एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. वडिलांनी, धरमसिंगांनी, तिला ट्रॅक्टरवर बसवून तांडाभर मिरवलं. तिसऱ्या वर्षी सरावात दुहेरी कोलांटी अपुरी पडली आणि ती डोक्यावर आली. मॅट धरून उभी असलेली मैत्रीण नंतर दवाखान्यात रडत रडत सांगत होती, "मले वाटलं, शीला हाये, सांभाळन."

मणका जुळला. चालता येऊ लागलं, वाकता येऊ लागलं. पण पाय जाळीवरून सुटले की जमीन कोणत्या बाजूला आहे हेच तिला कळेनासं झालं. वर्षभर झगडली आणि मग तिने नाद सोडला. लग्नाची बोलणी आली, तीही मानेपाशी अडकली. पाहुणे चहा पिता पिता विचारायचे, पोरीला डोक्यावर घागर घेता येते का? तांड्यावर घरोघरी नळ आले होते, तरी विचारायचेच.

मग तिने शिकवायला सुरुवात केली. सकाळी बायकांचा फिटनेसचा वर्ग. "मॅडम, पोट कवा कमी होईन?" असं विचारून घरी जाऊन आलूबोंडे तळणाऱ्या बायका. त्यांच्यावर तिचं पोट चाले. संध्याकाळी ट्रॅम्पोलिनची पोरं. त्यांच्यावर तिचा जीव. प्रत्येक पोराला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायची, "शंका आली की मॅट टाकाची. सेट गेला तं दुसरा भेटते. मान नाही भेटत."

चाचणीनंतर खुशी आलीच नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन लावला तर तिची आई हंसाबाई "वावरात हाये" म्हणून ठेवून द्यायची. शेवटी शुक्रवारी सकाळचा वर्ग आटोपून शीलाने कळंबची एसटी धरली. पोरगी रुसली आहे, समजूत काढली की येईल, असं ती स्वतःला बसमध्ये सांगत होती. शिकवणाऱ्याला उभ्या आयुष्यात अशी पोर एकदाच मिळते, हे मात्र ती स्वतःलाही सांगत नव्हती.

खुशी नुकतीच वावरातून आली होती. कमरेला कापूस वेचायची ओटी अजून बांधलेली. तिने शीलाकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

नागोराव उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडले. "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडावं? माह्या पोरीचा जीव वाचवला तुमी. हे म्हनते, मी बरोबर येऊन राह्यली होती. पोट्टीले काय समजते! तुमी मॅट टाकली म्हंजे तशीच बारी आली असन ना?"

शीलाने पायातल्या चपला काढल्या.

"म्हनून म्या ठरवलं," नागोराव म्हणाले. "आता नाही पाठवत. खेळगीळ बस झालं. एवढा जीवाचा धोका असन तं कायले पाह्यजे?"

"बसा मॅडम, चहा मांडतो," हंसाबाई म्हणाली. नवऱ्याला हाक मारून तिने दुधाला पाठवलं.

तेवढ्यात खुशी मोबाइल घेऊन बाहेर आली आणि तो तिने शीलाच्या हातात दिला. सलोनीने, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात मोठ्या मुलीने, काढलेला चाचणीचा व्हिडिओ होता. पाच, सहा, सात. आठव्या उडीला खुशी वर गेली, दोनदा फिरली आणि अंग उघडून सरळ खाली येऊ लागली. जाळीच्या मधोमध लाल फुली असते, तिच्यावरच तिचे पाय येत होते. तेवढ्यात मॅट आली.

"मले नोका पाहू," खुशी म्हणाली. "इकडं पाहा. तुमाले पाहा."

कोपऱ्यात शीला होती. खुशी फिरायला लागली तेव्हाच तिने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. वळत नाही ती मान त्या वेळी पूर्ण वळली होती. हात मॅट ढकलत होते आणि तिचं लक्ष खुशीकडे नव्हतंच.

"तुमी पाह्यलंच नाही, मॅडम," खुशी म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

शीलाने व्हिडिओ पुन्हा लावला आणि मोबाइल परत दिला. तिला फार लाज वाटली. शंका आली म्हणून मॅट टाकली असं ती आठवडाभर स्वतःला बजावत होती. पण शंका यायला आधी पाहावं लागतं.

नागोराव दूध घेऊन आले. त्यांचा तो कृतज्ञ चेहरा पाहून शीलाला वाटलं, गप्प बसावं. उपकार घ्यावेत, चहा प्यावा आणि पाचची गाडी पकडावी. पोरगी घरात राहील, आपलं नाव राहील.

"भाऊ, तिचा जीवगिव नाही वाचवला मी," ती म्हणाली. "ते बरोबर येऊन राह्यली होती. म्या न पाहता मॅट टाकली. भेव माह्या पोटात होतं. तिच्यात काहीच खोट नाही. तिले घरी नोका बसवू."

नागोराव दुधाचं भांडं हातात धरून उभेच राहिले. सगळं कळायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी अगदी साधं विचारलं, "मंग मॅडम, खरंच पडून राह्यली असती तं?"

चुलीवर चहा उतू गेला आणि हंसाबाईने तो उतरवला.

"मी नाही धरत आता मॅट," शीला म्हणाली. "सलोनी धरन. तिची नजर पक्की हाये. मी नुसती शिकवीन."

खुशीला त्यांनी पाठवलं. नागोराव स्वतः सोडायला आले आणि या खेपेला सलोनीलाही नमस्कार करून गेले.

हॉल तोच होता. सलोनीने मॅट उचलून छातीशी घेतली आणि शीलाच्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभी राहिली. शीलाने तिचे पाय थोडे फाकवून दिले, कोपर खाली दाबला, "वजन पुढं ठेव" म्हणून सांगितलं आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. रिकामे हात कुठे ठेवावेत तिला कळेना. तिने ते मांडीखाली घेतले.

खुशी वर चढली. स्प्रिंगा करकरल्या. पाच, सहा, सात. आपण पाहायचंच, असं शीलाने घरून ठरवून आणलं होतं. आठव्याला खुशीचे पाय जाळीवरून सुटले आणि शीलाची नजर दारातल्या चपलांवर गेली. किती तरी चपला होत्या. मग जाळी मधोमध दबल्याचा तो भरीव आवाज आला. नववी झाली, दहावी झाली.

खुशी कडेला येऊन बसली. धापा टाकत होती आणि हसत होती.

"मॅडम, आठवी पाह्यली का?"

"पाह्यली ना," शीला म्हणाली. "एकदम बरोबर आली."

खुशीचं हसू तसंच राहिलं, पण तिने सलोनीकडे पाहिलं. सलोनी खाली बघून मॅटवरची धूळ झटकत होती.