विहिरीतला अर्धा तास

खट्.

पायाला बांधलेल्या कॅलिपरची कडी गुडघ्यापाशी बसली आणि दुपारच्या सामसूम घरात तो आवाज थेट माजघरापर्यंत गेला. रोज मी कडीखाली फडकं धरते. आज ते सरकलं.

"कुठं जायलालीस गं?" आतून आत्यांनी विचारलं. माझ्या सासूबाई दुपारच्या झोपतात, पण त्यांचे कान झोपत नाहीत.

"कुठं न्हाई आत्या. जगूला शू लागलीय."

जगूनं उशीवरून डोकं उचललं. "मला न्हाई लागली."

पाच वर्षांची माझी लेक, खोटं बोलायला अजून शिकली नव्हती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला तर ती हाताच्या आतच हसली, गरम गरम. तिला घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. घरामागं आमचा मळा, मळ्यात विहीर. माझ्या चालीनं दोनशे दहा पावलं.

पौषात कॅलिपरचा पट्टा बदलायला नांदेडला गेलो होतो. डॉक्टरांनी उजव्या पायाकडं पाहिलंही नाही. तो मी दोन वर्षांची असताना पोलिओत गेला, त्याच्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. डावा गुडघा मात्र त्यांनी दाबून दाबून पाहिला. म्हणाले, "हा बिचारा एकटा दोघांचं काम करतोय. वर चौऱ्याहत्तर किलोचं ओझं. बारा किलो तरी उतरवा. नाहीतर दोन-तीन वर्षांत हा बसेल, आणि मग तुम्हीही बसाल."

"रोज चालू का?"

"चालूनच तर झिजतोय. पोहता येतं का?"

येतं का! कंधारला माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून मला ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. जमिनीवर गल्लीतली पोरं माझ्या चालीची नक्कल करायची. विहिरीत मात्र माझे तिन्ही भाऊ माझ्या मागं असायचे. पाण्याला लंगडं कळत नाही. लग्न होऊन लातूरला आले तशी ती पोहणारी मुलगी मी माहेरीच ठेवून आले होते. नऊ वर्षं झाली.

माघापासून मी पुन्हा उतरायला लागले. वरच्या पायरीवर बसायचं, कॅलिपर काढायचं, जगूच्या हातात द्यायचं. "सांभाळ हं." ती ते मांडीवर घेऊन बसायची, बाहुलीला घेतात तसं. मग बसल्या बसल्याच, हातांवर अंग तोलत, एकेक पायरी उतरायची. अंगात यांचा जुना शर्ट आणि परकर. आम्ही लिंगायत, गळ्यातली इष्टलिंगाची डबी शिवदोऱ्यासकट काखेखाली फडक्यानं करकचून बांधलेली, अप्पांनी शिकवलेली तशी. अर्धा तास. पाठीवर पडून हात मारायचे, विहिरीचे फेरे घ्यायचे, दम धरून तळाला हात लावून यायचं. त्या अर्ध्या तासात माझं वजन कुणालाच उचलावं लागत नसे. मलाही नाही.

जगू सोडली तर हे एकाच माणसाला माहीत होतं, माझ्या नवऱ्याला. अडत बंद असेल त्या दिवशी मलप्पा मला दुकानात नेऊन तुरीच्या पोत्यांच्या काट्यावर उभी करायचे. "भिंतीला धरू नको. आडत्याला फसवती का?" पहिल्यांदा चौऱ्याहत्तर भरले तेव्हा ते म्हणाले, "भाव काय लावू?" मी दोन दिवस बोलले नाही. एकोणसत्तर भरले त्या दिवशी मीच विचारलं, "आता भाव पडला का हो?"

पण विहिरीचं पाणीही उतरत होतं. लातूरचा जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. जिल्हा झाला त्या दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अख्ख्या मोंढ्यात पेढे वाटले होते. आता नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि रांगेतल्या बाया म्हणायच्या, "कलेक्टर आला अन् पाणी गेलं. दोघांना जागा पुरंना जणू." मी उतरायला लागले तेव्हा विहिरीच्या नऊ पायऱ्या कोरड्या होत्या. त्या दिवशी, फडकं सरकलं त्या दिवशी, एकोणीस होत्या.

मी चौथा फेरा मारत होते तेव्हा वरून आवाज आला.

"बया बया बया! ही शू लागली व्हय?"

काठावर आत्या उभ्या होत्या, डोक्यावर पदर, कमरेवर हात. जगू कॅलिपर छातीशी धरून त्यांच्या आणि पायऱ्यांच्या मध्ये उभी राहिली होती.

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय. गुडघ्यासाठी..."

"डॉक्टर घरात नांदतो का? गळ्यात लिंग हाय, बाईमाणूस तू. दोरा तुटून लिंग पाण्यात गेलं तर काय करशील? लिंग हरवलं तर आमच्यात जीव देत होती माणसं, म्हाईत हाय का? अन् वजन कमी करायचं तर एक भाकर कमी खा की! लंगडी असून केली, आता भरलेलं पोतं झाली."

 मी पाण्यातल्या पायरीवर उभी होते, एका पायावर, दगडाला धरून. आत्या स्वतः पोळीला तुपाचा हात लावून वाढतात आणि कमी वाढलं तर रुसतात, हे तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. वर चढताना प्रत्येक पायरी मी बुडाखाली घेत होते आणि त्या बघत होत्या, मदतीला एक बोट पुढं न करता. जगूनं मात्र कॅलिपर खाली ठेवलं, तीन पायऱ्या उतरली आणि माझा ओला हात धरला. तिच्या ओढण्यानं मी काय वर येणार होते! पण आले.

त्याच आठवड्यात तहसीलचा कागद आला. आमच्या बाजूला पाणी टिकलेली विहीर आमचीच, ती टँकरसाठी घेतली. मामंजींनी कागद चारदा वाचला आणि रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं, "आता ते लोकांच्या पिण्याचं पाणी. सूनबाई, तुझं ते बंद."

मला हे पटलं असतं. खरंच पटलं असतं. दोन-दोन घागरींसाठी बाया भांडतात, त्यांच्या तोंडी जाणाऱ्या पाण्यात मी का हातपाय मारू? रात्री मी मनाला तेच समजावलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते आणि विहिरीवरून धप्प आवाज आला. मग आणखी एक. माझा धाकटा दीर शरणप्पा कॉलेजातले चार मित्र घेऊन उड्या मारत होता. साबणाचा फेस पार काठापर्यंत.

मी आत्यांना म्हटलं, "ते लोकांच्या पिण्याचं पाणी हाय ना?"

"पोरं हायेत ती. उन्हाळ्यात उड्या मारणारच."

मी तांदूळ निवडत राहिले. एकही खडा नव्हता तरी निवडत राहिले. त्या अडत बंदच्या दिवशी मी काट्यावर चढले नाही. चढून काय करणार? गुडघा पुन्हा बोलायला लागला होता. जगूला शाळेत घालायचं होतं जूनमध्ये. शाळा चारशे पावलांवर. मी रोज अंथरुणात पडून मोजायची, चारशे जायला, चारशे यायला, वर्षं किती.

पहिला टँकर भरायचा त्या शुक्रवारी मळ्यात मांडव घातला. तहसीलचे साहेब आले, शेजारपाजारची चाळीसेक माणसं आली. विहिरीची पूजा झाली, साहेबांनी मामंजींना झेंडूचा जाडजूड हार घातला. मामंजींनी भाषण केलं, स्वतःचंच नाव घेऊन. "गुरुपादप्पाची विहीर आजपासून जिल्ह्याची!" टाळ्या पडल्या. मग आमच्यात पूजेचा हार गंगेला सोडतात तसा तो सोडायला ते काठावर गेले, दोन्ही हातांनी गळ्यातला हार डोक्यावरून काढला आणि 'हर हर महादेव' म्हणून विहिरीत भिरकावला.

हाराबरोबर काहीतरी चमकलं. टप्प असा एवढासा आवाज झाला.

मामंजींचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. झेंडूत अडकून जुना शिवदोरा हारासकट निघाला होता. हार वर तरंगत होता. चांदीची डबी तळाला गेली होती.

पन्नास वर्षांचं ते लिंग. त्यांनी काठावरच बैठक मारली. "लिंग मिळाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार न्हाई." साहेब म्हणाले, "स्वामींकडून दुसरं घ्या ना." कुणीतरी स्वामींना आणायला औशाला माणूस पाठवला. मामंजी नाही म्हणून मान हलवत राहिले. पासष्ट वर्षांचा माणूस, वैशाखाचं ऊन, सकाळपासून उपाशी. इंजिनवाल्याला सगळ्यांनी ओरडून थांबवलं. शरणप्पानं शर्ट काढून उडी मारली. वर आला, पुन्हा गेला. पाचव्या वेळी काठाला धरून धापा टाकत म्हणाला, "दोन पुरुष पाणी हाय. तळाला चिखल. कपारीत विरोळे साप असतेत, तिथं मी हात घालत न्हाई." मित्रांनी तर शर्टच काढले नाहीत.

दुपार कलली. मामंजींचे ओठ पांढरे पडले.

तेव्हा आत्या माझ्यापाशी आल्या. माझ्याकडं न बघता, पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "तुला तळ म्हाईत हाय न्हवं?"

मला म्हणायचं होतं, मी बाईमाणूस. मला म्हणायचं होतं, लोकांच्या पिण्याचं पाणी. भरलेलं पोतं हाय मी, बुडेन. सगळं ओठावर होतं. पण काठावर म्हातारा माणूस सुकत बसला होता, आणि मलप्पा बापाकडं बघून लहान पोरासारखे उभे होते.

मी वरच्या पायरीवर बसले. साडीचा काचा मारला. चाळीस माणसांसमोर कडी सोडली, पट्टे सोडले, कॅलिपर काढून जगूला दिलं. ज्या पायाला नऊ वर्षं मी लुगड्याबाहेर दिसू दिलं नव्हतं, तो सगळ्यांनी पाहिला. बुडावर सरकत तेवीस पायऱ्या उतरले. एकानंही म्हटलं नाही, की बाई आहे, की गळ्यात लिंग आहे.  डबी काखेखाली आवळली आणि पाण्यात गेले.

तळ पूर्वेकडं उतरता आहे. टाकलेली जड वस्तू तिकडच्या कपारीकडं घरंगळते, हे मला माहीत होतं. माझी एक बांगडी तिथंच सापडली होती. पहिल्या बुडीत नुसता चिखल लागला. दुसऱ्या बुडीत कपारीत खांद्यापर्यंत हात घातला. काहीतरी बुळबुळीत मनगटावरून सरकून गेलं. मग बोटांना दोरा लागला.

डबी मुठीत आली आणि मी लगेच वर आले नाही. किती वेळ ते माहीत नाही, दम होता तोवर. खाली कुणाचा आवाज नव्हता. डावा गुडघा दुखत नव्हता. मुठीत माझ्या सासऱ्याचा जीव होता आणि माझ्या डोक्यात एवढंच, की हा माझा आजचा अर्धा तास आहे, मी पुरता घेणार.

वर आले तेव्हा काठावर रडारड चालली होती. "मिळालं!" म्हटल्यावर हर हर महादेवचा गजर झाला. मामंजींनी डबी डोळ्यांना लावली, तिथंच पूजा केली, मग तांब्याभर पाणी प्याले. त्याच विहिरीचं. मी नुकतीच ज्यात उतरले होते तेच पाणी. आणि भरल्या आवाजात म्हणाले, "सूनबाईनं घराण्याची लाज राखली. देवानं हिला याच्यासाठीच पोहणं दिलं होतं."

माझ्या केसांतून पाणी गळत होतं. कॅलिपर अजून जगूच्या मांडीवर. मी पायरीवर बसूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मामंजी, सकाळी टँकर यायच्या आधी अर्धा तास उतरत जाऊ का? अंग धुऊन उतरते. साबण न्हाई, काही न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेब घड्याळाकडं.

मामंजी हसले. प्रेमानंच हसले, तेच जास्त झोंबलं. "अगं, आज संकट होतं म्हणून. संकट काय रोज येतं का?"

"माझ्या गुडघ्याला रोज येतं."

"बास कर," आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "चार माणसांत..."

"चार न्हाईत आत्या. चाळीस हायेत. मघाशी पाय बघितला तेव्हा मोजले मी." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "लिंगासाठी उतरले तर पाणी बाटत न्हाई, अन् पायासाठी उतरले तर बाटतं? भावजी साबण लावून उड्या मारतेत तेव्हा हे पाणी कुणाच्या पिण्याचं असतं?"

शरणप्पानं मान खाली घातली. मलप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. नऊ वर्षांत एकदा, या एका वेळी तरी बोलतील म्हणून. त्यांनी बापाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

मामंजींचं हसू गेलं होतं. डबी त्यांनी दोन्ही मुठींत धरली होती. "इंजिन सुरू करा रे," ते म्हणाले.

इंजिन धडधडायला लागलं. पाईपात पाणी चढलं, टँकरच्या पोटात पडायला लागलं. लोक तिकडं वळले.

जगूनं कॅलिपर आणून दिलं. मी पट्टे आवळले, ओल्या हातांनी नीट आवळेनात, तर तिनं तिच्या इवल्या बोटांनी शेवटचा पट्टा भोकात घातला. मी गुडघा सरळ केला. खट्. फडकं धरलं नाही. दोघी घराकडं निघालो. दोनशे दहातली तीसेक पावलं चालली असू, तेव्हा तिनं माझं बोट ओढलं.

"आई."

"काय गं?"

"आजोबांची डबी परत कधी पडंल?"