दहा अक्षरं

पोस्टमनचं पोट म्हणजे गुपितांची तिजोरी, हे वाक्य गुणाजी परबांनी निरोपसमारंभाच्या भाषणासाठी लिहून ठेवलं होतं. निवृत्तीला चार महिने होते आणि तिजोरीत सध्या आम्लपित्त होतं.

असल्फ्याच्या डोंगरावर त्यांनी एकतीस वर्षं टपाल वाटलं. तिथले पत्ते म्हणजे 'नळाच्या मागे', 'विहाराच्या वर तिसरं दार'. वसुलीवाले, रुसलेले जावई, पळून गेलेल्या मुलींचे बाप, सगळे शेवटी गुणाजींना गाठत. उत्तर ठरलेलं, "माका म्हायत नाय."

शेवंती मालाडहून नवऱ्याला सोडून इथे आली, तेव्हापासून तिचं टपाल सहदेवच्या पिठाच्या गिरणीवर यायचं. गिरणीपासून तिची खोली किती दारं वर, हे गुणाजींनी बाहेरच्या माणसाला कधी कळू दिलं नाही.

मग दारांना कोड आले. चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरं. मोबाईलमध्ये घातली की नकाशा थेट उंबऱ्यावर नेऊन उभा करतो. गुणाजींनी नवा चष्मा केला, प्रशिक्षणात पहिला नंबर काढला आणि दोनशे बारा दारांवर मार्करने कोड लिहायला घेतले.

"काका, माझ्या दारावर नको हां," शेवंती म्हणाली.

"अगो, ह्यात तुझा नाव खंय आसा? नुसती अक्षरां ती."

"म्हणूनच. कुणी पत्ता विचारला तर तुम्ही गप्प बसता. ह्या अक्षरांना विचारलं तर?"

गुणाजी हसले. दारावर लिहिलं नाही, आपल्या वहीत मात्र लिहिलं. वहीत एक ओळ कोरी ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

फेब्रुवारीत तिच्या नावाने कुठल्याशा दुकानाचं पार्सल आलं, गिरणीच्या पत्त्यावर. ती वर दारात उभी दिसली म्हणून गुणाजींनी दुखरा गुडघा घेऊन वर नेऊन दिलं.

"मी तर काही मागवलं नव्हतं."

"मागवलंस नाय तरी इलाहा. घे."

संध्याकाळी फोन आला. "पोस्टमनकाका ना? मी रुचिरा, शेवंतीची मैत्रीण. भांडं पाठवलंवतं तिला, मिळालं नाही म्हणते. गिरणीत टाकून मोकळे झालात ना?"

"टाकून? मी? पोरी, तिच्या दारात तिच्या हातात दिलंय!"

"असं सगळेच बोलतात हो."

एकतीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. शेवंतीलाच एक फोन करून विचारावं, हे सुचायला अपमान जरा कमी व्हायला हवा होता. गुणाजींनी वही उघडली, कुठल्या दारात दिलं याचा पुरावा म्हणून तिला दहा अक्षरं पाठवली आणि पुढे अंगठ्याचं चित्र जोडलं. पत्ता काही सांगितला नाही, याचं त्यांना समाधानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या पायरीवर एक माणूस मोबाईल घेऊन बसला होता.

"नमस्कार काका! मी जयवंत, शेवंतीचा मिस्टर. रुचिरा माझी बहीण. झकास सिस्टीम आहे यार तुमची. गल्लीत कुणाला विचारायलासुद्धा लागलं नाही."

शेवंती साकीनाक्याला पॅकिंगच्या कामावर होती. गुणाजी गिरणीपर्यंत उतरले आणि सहदेवला म्हणाले, "तिला फोन कर. घरी येऊ नको म्हणावं." कारण सांगताना ते गिरणीच्या पट्ट्याकडे बघत होते. सहदेवने फोन केला, मग एवढंच विचारलं, "तुम्ही?"

ती कामावरूनच कुठेतरी निघून गेली. आठवड्याने गुणाजींनी धीर करून फोन लावला. शिव्या ऐकायची तयारी होती. तिने शिवी दिली नाही, तब्येत विचारली.

"गो, तुझी दोन पत्रं पडलीत. खंय पाठवू? आता कुठे असतेस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती त्यांच्याच चालीत म्हणाली, "माका म्हायत नाय, काका."

दोन्ही पत्रांवर 'पत्ता न ठेवता गेले' असा शेरा गुणाजींनी स्वतःच्या हाताने मारला.

निरोपसमारंभात तिजोरीचं वाक्य त्यांनी गाळलं आणि गुडघ्यांबद्दल बोलले. पोस्टमास्तर मनाली मॅडमनी नारळ देताना सांगितलं, अख्ख्या ऑफिसात सगळे कोड भरलेला टपालाचा बीट फक्त परबांचा.

त्या खोलीत आता दुसरे भाडेकरू राहतात. कोड तोच आहे.