राष्ट्राध्यक्षांच्या दोन पावलं मागे

संपिगे लेआउट स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष आपणच होणार याबद्दल चंद्रकांतच्या मनात तिळभरही शंका नव्हती. राज्यघटना त्यानेच लिहिली होती. ज्याने चहा केला त्याला निदान पहिला कप मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा होती.

स्वातंत्र्याचं कारण साधं होतं. येलहंक्याच्या पुढे, हवाई दलाची विमानं डोक्यावरून जातात त्या बाजूला, हा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत. एका कार्यालयात गेलं की सांगायचे, तुम्ही शहराबाहेर. दुसऱ्या कार्यालयात गेलं की सांगायचे, तुम्ही शहरात. पाणी टँकरने यायचं आणि कचरा कुठेच जायचा नाही. शेवटी एका रविवारी गच्चीवरच्या सभेत श्रीविद्याने मुद्दा मांडला, की आपण जर कुणाच्याच हद्दीत नसलो तर आपण देश आहोत. श्रीविद्या कोरमंगल्याच्या एका स्टार्टअपमध्ये होती, आणि याहून कच्च्या पायावर उभ्या राहिलेल्या कंपन्या तिने जवळून पाहिल्या होत्या. पेपरात बातमी आली तर लाजेने का होईना कोणीतरी कचरा उचलेल, या हिशेबाने ठराव एकमताने मंजूर झाला. श्रीविद्या तिथल्या तिथे परराष्ट्रमंत्री झाली.

चंद्रकांत विमानाच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला. हयातभर त्याने विमानाच्या चाकांच्या देखभालीच्या पुस्तिका लिहिल्या होत्या, त्यामुळे घटनाही त्याच वळणाची झाली. त्यातल्या अकराव्या कलमाचा त्याला विशेष अभिमान होता. कलम अकरा: राष्ट्राध्यक्षांच्या जोडीदाराची कर्तव्यं. त्यासाठी त्याने जगभरच्या राष्ट्रप्रमुखांच्या बायकांबद्दल भरपूर वाचलं. बहुतेक ठिकाणी या बाईला पगार नाही, कामाचे तास नाहीत, कायद्यात नाव नाही, आणि तरी ती समारंभाला दिसली नाही की सगळ्या देशाच्या लक्षात येतं. इंजिनिअर माणसाला हे पटेना. काम आहे तर त्याचं वर्णन हवं. म्हणून त्याने लिहिलं, की जोडीदाराने राष्ट्राध्यक्षांच्या दोन पावलं मागे उभं राहावं. पाहुण्यांना कॉफी द्यावी. एखादं समाजकार्य हाती घ्यावं. भाषण चालू असताना राष्ट्राध्यक्षांकडे कौतुकाने बघावं. आणि चारचौघांत त्यांना घरगुती नात्याने हाक मारू नये. हे शेवटचं लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याची बायको वीणा होती, कारण ती भर सभेत "अहो, मिशीला दही लागलंय" असं सांगायची.

'पत्नी' असं न लिहिता त्याने 'जोडीदार' लिहिलं. आधुनिक दिसावं म्हणून.

निवडणुकीत वीणा निवडून आली.

त्यात तसं आश्चर्य नव्हतं. धातूंच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून टँकरवाल्यांशी फोनवर तीच बोलत होती, आणि लेआउटमध्ये जे काही पाणी होतं ते तिच्या आवाजामुळे होतं. चंद्रकांतला दोन मतं पडली. एक त्याचं स्वतःचं. दुसरं वीणाचं असणार, असं धरून त्याने मन थोडं शांत केलं. रात्री जेवताना त्याने सहज विचारलं, तर ती म्हणाली, "मी मला दिलं." आणि त्याला आमटी वाढली.

मग तिने विचारलं, की रविवारच्या शपथविधीला कॉफी तुम्ही द्याल ना. चंद्रकांतने सांगितलं की आपण कुणाच्याही दोन पावलं मागे उभे राहणार नाही, मग ते राष्ट्राध्यक्ष असोत की आणखी कोणी. वीणा "बरं" म्हणाली. त्या घरात वाद पुष्कळ व्हायचे, पण "बरं" झाल्यावर काही उरायचं नाही.

आता जोडीदाराची जागा रिकामी राहिली, तर घटना मोडते. श्रीविद्याने दोन दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून दाखले काढले. जुन्या काळी अमेरिकेतले काही राष्ट्राध्यक्ष विधुर किंवा अविवाहित होते, तेव्हा त्यांच्या मुलीने, पुतणीने, भाचीने ही जबाबदारी सांभाळली होती. तेव्हा जोडीदार हे नातं नसून खुर्ची आहे, आणि खुर्चीवर बसायला माणूस रिकामा असला की पुरे, असा निष्कर्ष तिने मंत्रिमंडळापुढे ठेवला. लेआउटमध्ये सर्वांत रिकामे होते भगवंतराव.

भगवंतराव मूळचे चामराजपेटचे. घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे आलेलं, आणि तेव्हापासून त्यांच्या मराठीत कानडी मुरत गेलेली. माणूस उंच, मिशी पांढरी, पाठ ताठ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पुरुष दिसला की ते अण्णा म्हणायचे, बाई दिसली की अक्का. दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या पोरीलाही अक्का. म्हणून चंद्रकांतने हरकत घेतली नाही. जो माणूस वीणाला मोठी बहीण म्हणतो, त्याच्या हातात कॉफीचा ट्रे असला काय अन् नसला काय.

शपथविधीला भगवंतराव पांढऱ्याशुभ्र धोतरात, डोक्याला फेटा बांधून आले. बरोबर दोन पावलं मागे उभे राहिले. वीणाचं भाषण ओल्या कचऱ्यावर होतं. ओल्या कचऱ्याकडे कौतुकाने बघणं सोपं नाही, पण भगवंतरावांनी शेवटपर्यंत बघितलं. भाषण संपल्यावर त्यांनी कपबशी पुढे केली आणि म्हणाले, "कॉफी, मॅडम राष्ट्राध्यक्ष."

चंद्रकांत मागच्या रांगेत होता. कुठेतरी काहीतरी निसटलं एवढंच त्याला कळलं. काय, ते घरी जायला जिना उतरताना उलगडलं. अक्का गेली होती.

त्यानंतर त्याला झोप लागेना. दिवसभर तो मोजत बसायचा. भगवंतराव टँकरजवळ काय म्हणाले? मॅडम राष्ट्राध्यक्ष. देवळासमोर? मॅडम राष्ट्राध्यक्ष. आणि म्हणताना मिशी जराशी हलायची. पूर्वी हलत नव्हती, अशी चंद्रकांतची खात्री होती.

पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं: राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे जोडीदार. चंद्रकांतचा फोटोत कोपर होता. दुधाची पोरगी वीणाची दह्याची पिशवी भगवंतरावांकडे देऊन जाऊ लागली, कारण कागदोपत्री तेच जवळचे. वीणाला सर्दी झाली तर लोक भगवंतरावांना विचारायचे, आता कसं आहे. ते सांगायचेही. त्यांना माहीत असायचं.

त्यात त्यांनी समाजकार्य निवडलं ते निवृत्त पुरुषांना स्वयंपाक शिकवण्याचं. महिन्याभरात लेआउटमधला एकेक नवरा उप्पीट करायला लागला. संध्याकाळी घराघरातून कढीपत्त्याचा वास यायचा आणि बायका गच्चीत पाय पसरून बसायच्या. वर्गाला न जाणारा एकटा चंद्रकांत. वीणा फक्त शेजारच्यांच्या खिडकीकडे तोंड करून एक मोठा श्वास घ्यायची.

चंद्रकांतने मंत्रिपद मागितलं. मंत्रिपदं संपली होती. श्रीविद्याने त्याला राजदूत केलं, तेही चामराजपेटला, भगवंतरावांच्या माहेरघरी. तो एकदा दोन बस बदलून गेला, तिथे दोसा खाल्ला, आणि परत येऊन उभय बाजूंचे संबंध सलोख्याचे असल्याचा अहवाल दिला. राजदूत परदेशात राहायला हवा, असं तिने सौम्यपणे सुचवलं, तेव्हा त्याने राजीनामा दिला. त्याला घराबाहेर काढण्याचा हा डाव कुणाचा असेल, हे त्याने मनातल्या मनात मिशीसकट ओळखलं.

मग परदेशी राष्ट्रप्रमुखांची भेट आली. पलीकडचा हायवे व्ह्यू एन्क्लेव्ह, जिथून हायवे दिसत नाही, तोही स्वतंत्र झाला होता. त्यांना निवडणुकीची दगदग नको होती, म्हणून त्यांनी राजेशाही घेतली. राजा विश्वेश्वर, नळाच्या तोट्या आणि बेसिनचा व्यापारी. राणी संध्या. संपिगेच्या गच्चीवर बिसीबेळे भाताची शाही मेजवानी झाली. मुख्य टेबलावर राजा, राणी, वीणा, भगवंतराव. चंद्रकांतची खुर्ची पाण्याच्या टाकीजवळ, राजाच्या ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर त्यांचा सेनापतीही होता, पण बोलायला नम्र होता.

राणीने भगवंतरावांना कौतुकाने विचारलं, की तुम्ही दोघं पहिल्यांदा भेटलात कुठे. भगवंतरावांनी खरं ते सांगितलं. टँकरच्या रांगेत. त्यांची बादली लहान होती, तेव्हा मॅडमनी स्वतःची मोठी दिली. निळी. अजून आहे.

राणीला गहिवरून आलं. राजाने राणीकडे असं बघितलं, की तू मला कधी बादली दिली नाहीस. आणि टाकीजवळ चंद्रकांतने ताट खाली ठेवलं, कारण ती निळी बादली तो गेलं वर्षभर शोधत होता. वीणाने सांगितलं होतं, दिली कोणालातरी. आपण वीणाला पहिल्यांदा कुठे भेटलो, हे तो आठवू लागला. पोहे आठवले, डोक्यावरचा पंखा आठवला. वीणा काही केल्या दिसेना. त्या दिवशी तो पंख्याकडेच बघत होता. बेअरिंग गेलेलं होतं त्याचं.

सकाळी तो तडक निघाला. भगवंतराव कोपऱ्यावरच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडाला पाणी घालत होते. बादली निळी.

"तुम्ही वीणाला अक्का म्हणायचं का सोडलंत?" चंद्रकांतने विचारलं. बादलीचं विचारायचं ठरलं होतं, पण तोंडातून हे आलं.

भगवंतरावांनी बादली खाली ठेवली. "हौस आहे काय मला? कलम अकरा. नात्याने हाक मारू नये. तुम्हीच लिहिलंय, अण्णा. मला स्वल्प जडच जातंय. जिभेवर अक्का येतंय, गिळून टाकतोय."

"मग म्हणा की. मी सांगतो, म्हणा."

"घटना मोडते. शहाजीराजांपासून आमच्या घरात कुणी मोडली नाही."

तेव्हा किती घटना होत्या, हे विचारण्यात अर्थ नव्हता. कलम बदलायला हवं होतं. पण बदलाची सूचना मांडणाऱ्याने सभेपुढे उभं राहून कारण सांगावं, असंही घटनेत होतं. तेही त्यानेच लिहिलं होतं. माणसं उगाच सूचना मांडतात, त्यांना आळा बसावा म्हणून.

रविवारी गच्ची भरली. अध्यक्षस्थानी वीणा, मागे दोन पावलांवर भगवंतराव. चंद्रकांत उभा राहिला. त्याने बरीच वाट बघितली, आणि एक विमान अगदी डोक्यावर आल्यावर कारण सांगून टाकलं. विमान गेलं. वीणाने चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, की सन्माननीय सदस्यांचं कारण ऐकू आलं नाही, नोंदीसाठी पुन्हा सांगावं.

आकाश लख्ख मोकळं होतं.

"तुझ्यामागे दुसरा माणूस उभा असलेला मला बघवत नाही," चंद्रकांत म्हणाला. मग त्याला घटना आठवली. "मॅडम राष्ट्राध्यक्ष."

उप्पीट करणारे सगळे नवरे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"मग तुम्ही का नाही उभे राहिलात?"

"दोन पावलं मागे म्हणून."

"दोन पावलं कुणी लिहिली?"

"मी."

"कुणासाठी?"

चंद्रकांतने आकाशाकडे बघितलं. गरज असते तेव्हा हवाई दल कधी येत नाही.

सूचना मताला टाकली. कलमाला हात लावला तर उद्या स्वयंपाकाचा वर्गही बंद पडेल, अशी बायकांना धास्ती होती, आणि नवऱ्यांना बायकांची. दोन हात वर झाले. एक चंद्रकांतचा. दुसरा कुणाचा, हे या वेळी त्याने नीट बघितलं. दोन पावलं मागे, फेट्याच्याही वर गेलेला, भगवंतरावांचा हात होता. निवडणुकीतलं ते दुसरं मत कुणाचं, हे त्याला तेव्हा समजलं, आणि त्या माणसाचा रागही धड करता येत नाही, याचा त्याला भयंकर राग आला.

सूचना पडली. म्हणजे आता एकच वाट उरली. चंद्रकांत खुर्च्यांमधून पुढे गेला आणि भगवंतरावांसमोर दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. भगवंतरावांनी कॉफीचा ट्रे त्याच्या हातांवर ठेवला. मग कमरेवर हात ठेवून मोठा निःश्वास टाकला आणि वीणाला म्हणाले, "अक्का, बसतो आता स्वल्प. पाय गेले."

"बसा अण्णा," वीणा म्हणाली.

ती हे इतक्या मायेने म्हणाली, की त्यापेक्षा मॅडम राष्ट्राध्यक्षच बरं होतं असं चंद्रकांतला वाटून गेलं.

पुढच्या रविवारी लेआउटमध्ये पहिल्यांदा कचऱ्याची लॉरी आली. पेपरातला फोटो कोणीतरी बघितला असावा. ड्रायव्हरने विचारलं की तुम्ही कुणाच्या हद्दीत. वीणाने सांगितलं, आम्ही देश आहोत. तो "सरी", म्हणजे ठीक, म्हणाला आणि पिशव्या उचलू लागला. स्वागताला राजा आणि राणीही आले होते. वीणा पुढे, चंद्रकांत दोन पावलं मागे, हातात ट्रे, नजरेत घटनेत सांगितलेलं कौतुक.

मागून सगळं दिसतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. राजा विश्वेश्वर वीणाकडे बघत होता ते दिसलं. लॉरीचा ड्रायव्हर कॉफी घेताना तिच्याशी हसला ते दिसलं, आणि ती त्याच्याशी किती वेळ हसली तेही. भगवंतराव निळी बादली घेऊन रिकामेच उभे होते. पुढून हे काही कळलं नसतं. आता रोज कळणार होतं.

चंद्रकांतने मनात कलम अकरा पुन्हा वाचलं. दोन पावलं, असं लिहिलं होतं. पावलाचं माप दिलं नव्हतं. इतकी वर्षं देखभालीच्या पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाच्या हातून माप सुटलं होतं. ट्रे सांभाळत तो वीणाच्या बरोबरीला गेला. तिथून त्याने उजवा पाय मुंगीएवढा मागे ठेवला, मग डावा, अशी दोन पावलं घटनेप्रमाणे मोजून घेतली, आणि वीणाच्या खांद्याला खांदा लागेल असा उभा राहिला.

"अहो," वीणा पुढे बघतच हळूच म्हणाली, "कॉफी सांडतेय."