चिंच-राखेने घासलेला दात

माझ्या दवाखान्याच्या खुर्चीत बसलेल्या अनुसूयाच्या वरच्या ओळीत पुढचे तीन दात होते. चौथा तिच्या सासूच्या पितळी डबीत होता. खालच्या ओठाला दोन चिरा. हनुवटीवर ओरखडा नाही, तळहातांवरही नाही.

"मोरीत घसरली," सासू सकवारबाई म्हणाल्या. "दात मोरीतच पडला. तसाच तोंडात कसा घालायचा? देवाच्या भांड्यासारखा चिंच-राख लावून घासलाय. बघ कसा लख्ख!"

लख्खच होता. दाताला हाडात जिवंत धरून ठेवणारा मुळावरचा पातळ पडदा पार गेला होता. असा दात बसवला तर हाड त्याचं मूळ हळूहळू खातं आणि त्या जागी स्वतः वाढतं. तरी बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला.

एक्स-रे काढला. उजव्या शेजारच्या दाताचं मूळ कुरतडल्यासारखं दिसत होतं. आजच्या माराने ते आजच होत नाही. आधी आतली नस मरून सडावी लागते. त्याला महिने जातात.

अनुसूयाचे वडील विठोजीअण्णा जयनगरहून धावत आले होते. त्यांना फिल्म दाखवली. "अण्णा, हा मार जुना आहे. ती पहिल्यांदा पडलेली नाही. तिला तुमच्याकडेच ठेवा."

"अप्पा, मी येऊ ना घरी?" खुर्चीतून अनुसूयाने वडिलांना विचारलं. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते.

सकवारबाई हसल्या. "दातांची मुळं मोजणाऱ्या पोरीला संसार काय कळणार? आधी स्वतःचं लग्न कर म्हणावं!"

विठोजीअण्णांनी फिल्म उजेडात धरली, उलटी. "दात बसला ना, डॉक्टरबाई?"

"बसला. पण—"

"मग सरी, झालं तर." ते खाली उतरले आणि त्यांनी लेकीच्या सासरी, यशवंतपूरला जाणारा घोड्याचा जटका थांबवला.

"अक्का, परत कधी येऊ?" अनुसूयाने मला विचारलं.

"तार काढायला ये. उजव्या दाताची सडकी नसही काढू."

ती आली. तार काढली, नस काढून पोकळी भरली. दोन्ही वेळा सकवारबाई शेजारी बसून होत्या.

वर्षाने, १९६४च्या उन्हाळ्यात, त्यांनीच तिला पुन्हा आणलं. बसवलेल्या दातावर टिचकी मारली, आवाज धातूसारखा टणक आला, म्हणजे तो हाडाला जखडला होता. नवी फिल्म जुनीच्या शेजारी ठेवून मोजपट्टी लावली. बसवलेल्या दाताचं मूळ तेरा मिलिमीटरचं पाच उरलं होतं. नस काढलेल्या दाताचं नऊ होतं, नऊच. डाव्या शेजारच्या दाताला मागच्या वेळी काही झालेलं नव्हतं. त्याचं बाराचं दहा झालं होतं, म्हणजे हा मार त्यानंतरचा.