चौथा आवाज

“हेही बाद,” म्हणत हिलालने तिसावं खोकं पायानेच बाजूला सरकवलं. हाताने उचलायचीसुद्धा त्याची इच्छा नव्हती.

खोक्यावर विमानं, राक्षस आणि दात काढून हसणारी गोरी मुलं छापली होती. आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याची बढाई होती, आणि प्रत्यक्षात मोजून सात खेळ, तेच ते पुन्हा पुन्हा. सकाळी पहिलं यंत्र उघडलं तेव्हाच हिलालला किळस आली होती. जुन्या टीव्ही गेममध्ये चाळीस पायांची चिप असायची, ओळीत कथिलाचे डाग दिलेली, बघूनच समाधान व्हायचं. या दिवाळीच्या मालात चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका होता. कुणीतरी मावा खाऊन थुंकावं आणि ते तिथेच वाळावं, तसा.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या भूपेंद्रभाईंच्या दुकानातून गेली पाच वर्षं हिलालने ऐकल्याशिवाय एकही टीव्ही गेम विकला गेला नव्हता. हो, ऐकल्याशिवाय. चित्र तो बघतच नसे. टीव्हीचा उजेड पार काळा करायचा, स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि नुसतं संगीत ऐकायचं. पटलं तरच खोक्यावर सही करायची. ही सवय लूमवरची, यंत्रमागावरची. भेस्तानला एका शेडमध्ये बारा वर्षं त्याने लूम चालवले होते, आणि त्या धडधडाटात चोवीसपैकी कुठला लूम अडखळतोय ते तो पाठमोरा सांगायचा. डोळा फसतो, कान फसत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. रेडिओ दुरुस्तीचा जुना नाद होता, लूमचा कंटाळा आला तेव्हा तोच पोटापाण्याला आला.

तपासायला त्याची एकच कॅसेट ठरलेली होती, बर्फाच्या किल्ल्याच्या खेळाची. खेळात तो पहिल्या पायरीपुढे कधी गेला नाही, आणि जायचंही नव्हतं. त्याला हवी होती ती सुरुवातीची धून. त्या चिपला आवाजच मुळी चार. दोन गाणारे, एक खाली घुमणारा आणि चौथा नुसता खरखरणारा, ज्याला हिलाल झांज म्हणायचा. दूरदेशीच्या कुणा माणसाला एवढे चार आवाज देऊन धून कर म्हणून सांगितलं असणार, आणि त्या पठ्ठ्याने त्यातला एकही फुकट घालवला नव्हता. दोघे गात, तिसरा त्यांना खांद्यावर घेई आणि झांज प्रत्येक वळणावर त्यांना पुढे ढकली. लग्नातल्या बँडमध्ये वीस जण मिळून जे करत नाहीत ते हे चौघे करत होते. हिलालच्या लेखी याहून चांगलं संगीत सुरतेत वाजत नव्हतं. असं तो म्हणाला की लोक हसत, आणि त्या हसण्याचीही त्याला मनापासून शिसारी येई.

“हिलालभाई, सुबह से तीस पीस रिजेक्ट?” भूपेंद्रभाई गल्ल्यावरून उठून आत आले. माणूस वाईट नव्हता. दिवाळी आठ दिवसांवर आली होती, इतकंच. “वेपारीने शुं कहूं हूं?”

“सांगा, झांज नाही म्हणून. तीन आवाज आहेत, चौथा मेलेला आहे. हा माल नाही, उकिरडा आहे.”

“अरे, घराक झांज ऐकायला थोडा घेतो? छोकरा लोक को उछलने का, मारने का, बस.”

“मग माझी सही कशाला हवी? प्रवीणला सांगा, तो करेल.”

प्रवीण म्हणजे काउंटरवरचा विक्रेता, तीन मुलांचा बाप. त्याच्या तोंडात कायम गुटखा असे, आणि कुठलीही वस्तू दाखवली की न बघता तो “ओके छे” म्हणे. त्याच्या सहीला भूपेंद्रभाईसुद्धा किंमत देत नव्हते. हिलालच्या सहीचा मात्र बाजारात दबदबा होता. ती सही आणि ते स्टूल, चाळिशी उलटलेल्या हिलालची मिळकत म्हणावी तर एवढीच. ती गेली तर पुन्हा लूम होते.

तेवढ्यात त्याची बायको पुष्पाबाई डबा घेऊन आली. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम ती घरी करायची आणि तयार साड्या मार्केटात पोचवून दुपारी इकडे यायची.

“जेवी ल्या!” ती दारातूनच त्यांच्या अहिराणीत ओरडली. रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले.

हिलालने कपाळाला आठ्या घातल्या. बायकोचं हे बोंबलणं त्याला अजिबात सहन होत नसे. अख्खी गल्ली तिला भांडकुदळ म्हणायची आणि गल्लीचं काही चुकत नाही असंच त्याला वाटायचं. सगळं जग तोंडातल्या तोंडात पुटपुटणारं आणि ही एकटी अशी.

भूपेंद्रभाईंनी तोडगा काढला. हिलालने जपून ठेवलेलं जुनं, पायांच्या चिपचं यंत्र कपाटातून काढायचं, शेजारी नवं ठेवायचं, दुकानातून तशीच दुसरी कॅसेट काढून दोन्हींत तीच धून लावायची. प्रवीणने फक्त टीव्हीची वायर बदलायची. “फरक मला पण ऐकव. ऐकू आला तर सगळा माल परत,” भूपेंद्रभाई म्हणाले.

हिलाल खुशीत भिंतीकडे तोंड करून बसला. आधी नवं यंत्र वाजलं.

“बघा, झांज नाही. आंधळ्यालाही कळेल.”

“प्रवीण, आता जुनं लाव,” भूपेंद्रभाईंनी हाक मारली.

धून चालूच होती. हिलालचा चेहरा हळूहळू उजळला. त्याचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. “हां. आली. ही बघा, वळणावर. ही बघा पुन्हा. काय काम आहे! याला म्हणतात चिप.”

दारातून प्रवीण तोंड पुसत आत आला.

“भूपेंद्रभाई, बोला. वायर अजून बदलली नाय, थुंकायला गेलतो.”

दुकानात धून तेवढी वाजत राहिली. हिलाल वळला. त्याने वायर बघितली, नव्या यंत्राची. मग तो स्वतः उठला आणि त्याने ती जुन्या यंत्राला लावली. या वेळी तो भिंतीकडे वळला नाही, थेट त्या चाळीस पायांच्या चिपकडे बघत उभा राहिला. दोघे गात होते, तिसरा घुमत होता. झांज नव्हती. इथेही नव्हती.

पाच वर्षं तो आठवण ऐकत आला होता. चांगली चिप दिसली की उरलेला आवाज मनच भरून काढायचं. काळ्या ठिपक्याची किळस आली, मन भरायला तयार झालं नाही, आणि कान पहिल्यांदा खरं बोलले. आता ती वायर बघितल्यावर जुन्या चिपलाही मन काही भरून देईना.

तो पुष्पाबाईकडे वळला. “तुले ऐकू येस का? झांज? ते खरखरस ते?”

ती पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. “येस ना,” ती म्हणाली. “दोन्हीस्मा येस.”

“आनि माले?”

पुष्पाबाईने एकदा भूपेंद्रभाईंकडे पाहिलं. ते गल्ल्याकडे निघून गेले. “तुम्हले बारीक आवाज येतस नहीत,” ती म्हणाली, नेहमीसारखीच मोठ्याने. “लूमवर व्हतात तव्हयपासून. म्हनीसन ते मी बोंबलस.”

“मंग सांगं का नही?”

“सांगं असतं तं तुम्ही आठे बसतात का?”

हिलाल खाली बसला. आता त्याला स्वतःचीच किळस आली, त्या काळ्या ठिपक्याहून जास्त. ज्या आवाजासाठी त्याने लोकांना बहिरे म्हटलं, तो आवाज त्यालाच येत नव्हता. त्याची सही घेऊन पाच वर्षांत किती मुकी यंत्रं घराघरांत गेली असतील, देव जाणे. आणि ही बाई गल्लीभरच्या शिव्या खात राहिली, आणि त्याने त्या खाऊ दिल्या.

“मैं सुन लेता हूं ना, हिलालभाई,” प्रवीण म्हणाला. त्याने खोक्यांच्या थप्पीकडे पाहिलंही नाही. “सब ओके छे.”

ते ऐकून हिलाल उठला. एवढी किळस त्याला दिवसभरात आली नव्हती.

“चल,” तो पुष्पाबाईला म्हणाला, “बठ आठे.” त्याने तिला स्टुलावर बसवलं, भिंतीकडे तोंड करून. जुनं यंत्र लावलं आणि झांज जिथे पडायला हवी तिथे तिच्या खांद्यावर बोटाने टिचकी दिली. एक, पुन्हा एक, वळणावर दोन. सहा-सात टिचक्यांनंतर तिने मान हलवली.

“हां, तेच! कढईमा जिरं टाकं का चुरचुरस, तसं. कसं घान वाजस हो.”

हिलालने डोळे मिटले. जगातल्या सर्वांत सुंदर संगीताला ही बाई जिरं म्हणत होती. “ते ऐकू उनं का बोट वर करजो,” तो एवढंच म्हणाला.

भूपेंद्रभाईंनी गल्ल्यावरून एकदा आत पाहिलं आणि तीन चहा सांगितले. तिसरा पुष्पाबाईसाठी होता.

हिलालने बाद केलेलं पहिलं खोकं हाताने उचलून आणलं आणि यंत्र लावलं. पुष्पाबाईचं बोट वर गेलं, हिरव्या टिकलीचा गोंद नखाला तसाच. दुसऱ्याला गेलं. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला गेलं. प्रत्येक वेळी त्याने खोकं परत बांधलं आणि चांगल्या मालात ठेवलं.

सहाव्याची धून संपत आली, पुन्हा सुरू झाली. तिचं बोट मांडीवरच राहिलं. हिलालला तर सहाही सारखीच वाजली होती. त्याने वायर काढली, आणि ते खोकं बाद मालात नेऊन ठेवलं.